बांधीवरचे घर

सकाळच्या वेळी गोंदिया स्थानकावर बालाघाटकडे जाणारी गाडी लागली, की फलाटावर दोन तऱ्हेची माणसे सहज ओळखू येतात. काहींच्या हाती पिशव्या, गाठोडी, लेकरे असतात. ती पाहुण्यांच्या घरी निघालेली असतात. उरलेल्यांच्या हाती जेवणाचा डबा आणि खिशात महिन्याचा पास असतो. गाडी लागताच ही मंडळी नेहमीच्या डब्यात, नेहमीच्या बाकावर जाऊन बसतात आणि डोळे मिटून घेतात. त्यांना आमच्या भागात ‘अप-डाऊन करणारे’ म्हणतात. आमची सूनबाई त्यांपैकीच एक. ती बालाघाटच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि लग्न होऊन घरी आल्यापासून रोज गोंदियाच्या बाजूने बालाघाटला जाते व संध्याकाळी परत येते.

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका रविवारी आम्ही चौघे त्याच गाडीत बसलो होतो : आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो ते; त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या; सूनबाई आणि आम्ही. धाकटी नात आजीजवळ राहिली होती. प्रवासाचे प्रयोजन असे, की बालाघाट शहराच्या बाहेर एक नवी वसाहत होत होती आणि तिच्यातील एक घर पुतण्याच्या मनात भरले होते. आपल्याकडे अशा घराला रो हाऊस म्हणतात, तिकडे डुप्लेक्स म्हणतात, अर्थ एकच. भिंतीला भिंत लावून ओळीने उभी केलेली घरे, खाली बैठक व स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, पुढे मोटरसायकल उभी राहील एवढे अंगण.

घराचा पैसा कोठून यावयाचा, हेही ठरल्यासारखेच होते. गावी दादांची चार एकर धानाची शेती आहे. त्यांपैकी रस्त्यालगतच्या दोन एकरांना गिऱ्हाईक तयार होते. दादांनी ‘हो’ म्हटले होते. मात्र ते ‘हो’ म्हटल्यापासून ते जेवताना बोलेनासे झाले होते, हे वहिनींनी आम्हांस एका बाजूस घेऊन सांगितले होते. म्हणूनच आम्ही बरोबर निघालो. आम्ही पडलो थोडेफार कागद वाचणारे. कागद वाचावयास आपण जातो, एवढेच आम्ही सर्वांस सांगितले.

गोंदिया ते बालाघाट हे अंतर सुमारे ४० किलोमीटरांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने येथे अडीच फूट रुंदीचा लहान मार्ग घातला. सातपुड्याच्या डोंगरांतून नैनपूरवरून जबलपूरपर्यंत जाणारी ती छोटी गाडी कित्येक पिढ्यांनी पाहिली. या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-बालाघाट हा तुकडा मोठ्या मार्गाचा झाला आणि २०२१ पासून त्याच मार्गाने थेट जबलपूरपर्यंत मोठ्या गाड्या धावू लागल्या. मार्ग मोठा झाला, गाड्या वाढल्या आणि त्याबरोबर एक नवी कल्पना लोकांच्या मनात शिरली : नोकरी एका गावी आणि घर दुसऱ्या गावी असले तरी चालते. मुंबईजवळच्या वाचकांस ही कल्पना नवी नाही. वसई-विरारकडे आगगाडीच्या मागोमाग इमारती कशा आल्या आणि भाताची शेते व केळीच्या वाड्या कशा उठल्या, हे तिकडील कुटुंबांनी स्वतःच्या अंगणातून पाहिले आहे. आमच्याकडे तीच गोष्ट उशिरा आणि हळू पावलांनी येत आहे, एवढेच.

बिरसोला मागे पडले, की बाघ नदी ओलांडावी लागते आणि महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागतो. डब्यातल्या माणसास याचा पत्ताही लागत नाही. अलीकडे धानाच्या बांध्या, पलीकडेही धानाच्या बांध्या. अलीकडे मोहाची झाडे, पलीकडेही मोहाचीच झाडे. ही सीमा फार जुनीही नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि भंडारा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला व १९६० साली महाराष्ट्रात आला; त्यातूनच १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा निघाला. बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. सोयरिकी तुटल्या नाहीत, बाजार तुटले नाहीत, वारासिवनी व कटंगीकडे घरोघर मराठी ऐकू येते ती आजही येते. परंतु एक गोष्ट वेगळी झाली आणि घर घेणाऱ्यास तीच महत्त्वाची : जमिनीचे कागद वेगळे झाले.

आपण सातबारा म्हणतो, तेथे खसरा आणि बी-१ म्हणतात. आपण फेरफार म्हणतो, त्यास नामांतरण म्हणतात. आपण ज्यास पिढ्यान्‌पिढ्या तलाठी म्हणत आलो, तो तिकडे पटवारी. शेतजमीन बिनशेती करणे यास तिकडे डायव्हर्शन म्हणतात आणि जमिनीच्या मालकास भूमिस्वामी. आपल्या गावी सातबारा हाती घेतला की त्यातील खोच आपल्या डोळ्यांस बरोबर दिसते. तोच शेतकरी नदीपलीकडे गेला की हिंदीतील चार कोरे करकरीत कागद पाहून दबून जातो आणि समोरचा सांगेल ते खरे मानतो. दादांचे तसे होऊ नये, ही आमची खरी काळजी होती.

बालाघाट हे गाव मूळचे मोठे नव्हे. जिल्हा १८६७ साली झाला, तेव्हा मुख्य ठिकाणाचे नाव बुऱ्हा असे होते. घाटांवरचा प्रदेश म्हणून जिल्ह्यास बालाघाट नाव पडले आणि पुढे तेच गावास लागले. गावाच्या पश्चिमेस वैनगंगा वाहते. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी पुढे विदर्भातून जाऊन वर्धेस मिळते व प्राणहिता नावाने गोदावरीत जाते. गावाजवळच भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. पूर्वी ती इंग्रज कंपनीकडे होती, आज ती ‘मॉईल’ या सरकारी कंपनीची आहे. दूर बैहरच्या बाजूस मलाजखंड येथे तांब्याची खाण. खाण, जंगल आणि धान या तिन्हींवर या गावाचे पोट चालते. येथील ‘चिन्नोर’ या सुवासिक तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मातीत असे तांदूळ पिकतात, त्याच मातीवर आम्ही घर पाहावयास निघालो होतो.

स्थानकावरून ऑटोने निघालो. पुतण्याने सांगितले होते, ‘‘काका, दहा मिनिटांचा रस्ता आहे.’’ आम्ही घड्याळ पाहिले. पंचवीस मिनिटे लागली. गाव संपले, दुकाने संपली, दोन्ही बाजूंस उन्हाने भेगाळलेल्या बांध्या लागल्या आणि एकाएकी रस्त्याच्या कडेला मोठी कमान आली. कमानीवर झेंडे, आत काळा गुळगुळीत रस्ता, दुतर्फा लावलेली कोवळी झाडे, आणि रांगेने उभी राहिलेली पिवळी-पांढरी घरे. खरे सांगावयाचे तर आम्हांसही ते दृश्य आवडले. नमुन्याचे घर सजवून ठेवले होते. सूनबाई ओट्याजवळ उभी राहिली आणि तिने ओट्यावरून नुसता हात फिरवला. पाच वर्षे पहाटे चारला उठून दोन डबे भरणाऱ्या बाईने तो हात का फिरवला, हे तिला विचारण्याची गरज नव्हती.

विक्रीवरचा तरुण मोठा आर्जवी होता. त्याने दादांस ‘बाबूजी’ म्हणून बसावयास खुर्ची दिली, थंड पाणी दिले आणि सांगितले, की पुढील ओळीतील घरे संपली, मागील ओळीत तीनच उरली आहेत. आज एक्कावन्न हजारांचे टोकन दिले तर आजचा भाव, महिना उलटला की भाव वाढणार. पुतण्याचा हात खिशाकडे गेला. आम्ही दादांकडे पाहिले, तर खुर्ची रिकामी होती.

दादा मागील ओळीकडे गेले होते. आम्ही शोधीत गेलो तेव्हा ते कुंपणाच्या तारेपाशी काठी टेकून उभे होते. भर वैशाखात जिकडे तिकडे गवत करपले होते. परंतु त्या तारेच्या बाजूने हिरव्यागार बेशरमीची एक ओळ सरळ वसाहतीच्या आत शिरत होती आणि मागील घरांच्या भिंतीपाशी येऊन थांबत होती. तिच्या पायथ्याशी लव्हाळा माजला होता. दादांनी काठीने मुरूम उकरला. वीतभर मुरूम निघाला आणि खाली काळी चिकण माती लागली.

‘‘ही गहिरी बांधी आहे,’’ दादा म्हणाले. ‘‘आणि हा नाला. वरच्या सगळ्या बांध्यांचं पाणी इथूनच उतरत असेल.’’

विक्रीवरचा तरुण मागोमाग आला होता. तो हसून म्हणाला, की बाबूजी, आम्ही पाच-पाच फूट भराव घातला आहे, काही चिंता करू नका. दादांनी त्यास उलट उत्तर दिले नाही. ते मुलाकडे वळून एवढेच म्हणाले, ‘‘मुरुमानं खड्डा भरते रे, पाण्याची वाट भरत नाही. एक पाऊस पडू दे. मग तू म्हणशील तसं.’’

त्या दिवशी टोकन दिले गेले नाही. परतीच्या गाडीत पुतण्या खिडकीबाहेर पाहत बसला. त्याला वाटले, बाबांना शेत विकावयाचे नाही म्हणून त्यांनी नाल्याचे निमित्त काढले. खरे सांगतो, क्षणभर आम्हांसही तसेच वाटले.

पावसाळ्यास अद्याप अवकाश होता, तेवढ्यात आम्ही आमचे काम केले, म्हणजे कागद मागविले. या बाबतीत जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो, कारण नदीच्या दोन्ही बाजूंस ते सारखेच उपयोगी आहे.

२०१६ साली केंद्र सरकारने घरखरेदीसंबंधी एक कायदा केला. त्यास रेरा म्हणतात. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू आहे. ५०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीवर किंवा आठांहून अधिक घरांचा प्रकल्प असेल, तर राज्याच्या प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी झाल्यावाचून घरे विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. मध्य प्रदेशाचे प्राधिकरण भोपाळला आहे; परंतु भोपाळला जावे लागत नाही. नोंदणी क्रमांक घेऊन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहिले, की प्रकल्पाचे कागद घरबसल्या दिसतात. घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम, लेखी करार करून त्याची नोंदणी केल्यावाचून, विकणाऱ्यास घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातील ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ठरलेल्या मुदतीत घर मिळाले नाही, तर ग्राहकास व्याजासह पैसा परत मागता येतो. आणि ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीत दोष निघाला, तर तो दुरुस्त करून देणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट मापाची. पत्रकात १४०० चौरस फूट लिहिलेले असते आणि आपण तेवढे घर मनात मांडतो. कायद्याप्रमाणे भाव सांगावयाचा तो चटई क्षेत्रावर, म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी, व्हरांडा, मोकळी गच्ची सोडून घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर. त्या पत्रकातील १४०० फुटांची आम्ही आतून फीत लावून मोजणी केली, तेव्हा सुमारे १०५० भरले. शिवाय भिंतीला भिंत लागलेल्या घरास खिडक्या पुढे व मागे एवढ्याच असतात. मधली खोली दिवसाही काळोखी राहते. शेजाऱ्याच्या न्हाणीघराची ओल आपल्या भिंतीवर येऊ शकते आणि वर आणखी मजला चढवावयाचा म्हटले तर एकट्याच्या मनावर ते नसते. यात वाईट काही नाही. गावच्या जुन्या वाड्यांतही भिंती सामाईक असत. परंतु तेथे शेजारी भाऊबंद असे आणि भांडण मिटवावयास एक वडीलधारा माणूस असे. येथे काय लिहिले आहे तेच चालते.

तिसरी गोष्ट जमिनीच्या मूळची. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे आदिवासी भूमिस्वामीची जमीन, अधिसूचित क्षेत्रात असेल तर, बिगर आदिवासीस विकताच येत नाही. इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. गोंड आणि बैगा बांधवांची वस्ती असलेल्या जिल्ह्यात हा नियम म्हणजे गरिबाच्या भाकरीचे रक्षण आहे. आपले घर दुसऱ्याच्या गेलेल्या जमिनीवर तर उभे नाही ना, हे पाहणे केवळ कायद्याचे नव्हे, धर्माचेही काम आहे. म्हणून वकिलाकडून मागील तीस वर्षांचे व्यवहार शोधून घ्यावेत. नगर तथा ग्राम निवेश विभागाने नकाशा मंजूर केला आहे काय, डायव्हर्शन कोणत्या खसरा क्रमांकाचे झाले, कॉलनी वसविण्याची परवानगी कोणी दिली, रस्ते व नाल्या पुढे नगरपालिकेकडे जाणार की ग्रामपंचायतीकडे, हे चार प्रश्न लेखी विचारावेत.

आम्ही ते विचारले. उत्तरे तोंडी गोड आली, लेखी आली नाहीत. शेवटी आम्हीच खसरा काढला. निघाले असे, की पुढील जमिनीचे डायव्हर्शन झाले होते, मागील ओळीच्या जमिनीचे झालेच नव्हते. आणि पत्रकावर छापलेला रेराचा क्रमांक केवळ पहिल्या टप्प्याचा होता. जी तीन घरे आम्हांस दाखविली, ती कागदावर अजून शेतातच होती. पुतण्याने तो कागद दोनदा वाचला. तो काही बोलला नाही. परंतु त्या रात्री तो दादांजवळ ओसरीवर बराच वेळ बसला होता, असे वहिनींनी सांगितले.

भाद्रपदात तीन दिवस पाण्याची झड लागली. चौथ्या दिवशी पाऊस थोडा उघडताच दादा स्वतःच म्हणाले, ‘‘चला, आता घर पाहून येऊ.’’ वैनगंगा दुथडी भरून चालली होती. बांध्यांमध्ये धान पोटरीस आले होते आणि गाडीतून पाहता सारी पृथ्वी हिरव्या पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती.

कमान तशीच होती. पुढील रस्त्यावर थोडा चिखल होता, एवढेच. मागील ओळीकडे वळलो आणि थांबलो. गल्लीत गुडघ्याएवढे गढूळ पाणी होते. बेशरमीच्या त्या ओळीने नाला परत आला होता. आपली जुनी वाट त्यास चांगली ठाऊक होती, फक्त तेथे आता घरे होती म्हणून तो घरांभोवती फिरत होता. एका घरात कुटुंब राहावयास आले होते. दारात विटांवर फळी टाकून एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. सूनबाईने विचारपूस केली. ती कटंगीकडची निघाली. घर कच्च्या लिखापढीवर घेतले होते. शौचालयाचे पाणी टाकीतून उलट घरात येते, विहिरीचे पाणी पिववत नाही, आणि विचारावयास गेले तर आज या, उद्या या, असे होते. सांगता सांगता ती म्हणाली, ‘‘सासऱ्यांचं वावर विकून घेतलं हो ताई. आता वावरही नाही अन् घर असं.’’

आपली घरे शेजारी शेजारी झाली असती, हे सूनबाईच्या मनात आले असावे. ती चपला हातात घेऊन पाण्यात उतरली, त्या बाईजवळ गेली आणि लेकराच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप होता. तिने जवळच्या चिठ्ठीवर काही लिहून दिले आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात घेऊन या म्हणून सांगितले. रेराकडे तक्रार कशी करावयाची, हे आम्ही त्यांस लिहून दिले; नोंदणी नसलेल्या घराबद्दलही तक्रार करता येते, हे त्यांना माहीत नव्हते.

वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. पूर आला, वारा सुटला आणि ते घर पडले. आम्हांस नेहमी वाटे, की तो माणूस मूर्ख असावा. त्या दिवशी मनात आले, त्या माणसाने ती जागा बहुधा कोरड्या दिवसांत पाहिली असेल आणि कमानीवर झेंडे लावलेले असतील.

परत येताना आम्ही आणखी एक हिशेब केला. तो आधी करावयाचा राहिला होता. त्या वसाहतीत राहून पुतण्यास गोंदियास नोकरीवर जावयाचे, म्हणजे घर ते स्थानक पंचवीस मिनिटे, गाडीची वाट पाहणे पंधरा, प्रवास एक तास, पुढे कचेरीपर्यंत पंधरा-वीस मिनिटे. एका वेळचे दोन तास, दोन्ही वेळचे चार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास झाले, आणि अंतर दोन हजार किलोमीटर! सूनबाईचे अप-डाऊन सुटणार आणि पुतण्याचे सुरू होणार, एवढाच तो बदल. नात मात्र संध्याकाळी कोणा एकाची वाट पाहतच राहणार. घराची किंमत आपण रुपयांत मोजतो. रोजच्या प्रवासाचे घर असेल तर ती तासांतही मोजावी.

मग काय केले, असे वाचक विचारतील. मोठे काही केले नाही. बालाघाट स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर एका जुन्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि एक पूर्ण वर्ष काढले. उन्हाळ्यात नळास पाणी किती वेळ येते, पावसात कोणती गल्ली तुंबते, शाळा किती दूर, रात्री रस्त्यावर दिवे असतात काय, गाडी चुकली तर दुसरी केव्हा, हे सारे बारा महिन्यांत आपोआप कळले. त्याच वस्तीत यंदा एक जुने घर विक्रीस निघाले. घर लहान आहे. वर एकच खोली, पुढे कमान नाही, गुळगुळीत रस्ता नाही. पण जागा उंचावर आहे, नामांतरण स्वच्छ आहे आणि रजिस्ट्रीच्या आधी वकिलाने सर्व कागद पाहिले. दोघांच्या पगारावर बँकेने कर्ज दिले. हप्ता जड आहे. पुतण्याने मोटरसायकल बदलण्याचा विचार सोडला. सूनबाईने दोन दागिने मोडले. दादांची दोन एकरे विकावी लागली नाहीत. यंदाही त्यांत धान उभे आहे आणि वर्षाचे तांदूळ त्याच बांध्यांतून बालाघाटच्या घरी जाणार आहेत.

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. आता आपली मुले घर बांधीत नाहीत, बांधलेले घेतात. तेव्हा पाहण्याचे काम कमी झाले असे नव्हे, वाढले. मुलगा शिकलेला असतो, तो कागद वाचू शकतो, त्याने तो वाचावा. परंतु जमीन वाचण्याची विद्या अजून गावात बापाजवळ आहे. बेशरम कोठे उगवते, लव्हाळा कोठे माजतो, कोणत्या मातीस भेगा जातात, वरचे पाणी कोणत्या बाजूने उतरते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. शहरात घर घ्यावयास निघालेल्या मुलांनो, म्हाताऱ्यास खुर्चीवर बसवून टोकन देऊ नका. त्यास घराच्या मागील बाजूस घेऊन जा. आणि बापांनो, तुम्हांस पत्रक वाचता येत नसेल म्हणून गप्प राहू नका.

ताबा घेतला त्या दिवशी आम्ही सर्व बालाघाटला गेलो. सूनबाईने ओट्यावर दूध उतू घातले, नातीने सर्व दारे उघडून पाहिली. दादा आत आलेच नाहीत. पाहतो तो ते अंगणात बादली घेऊन उभे. त्यांनी बादलीभर पाणी अंगणाच्या मधोमध ओतले आणि काठी टेकून पाहत राहिले. पाणी क्षणभर थांबले, मग उताराने वळले आणि सरळ जाऊन नालीत पडले. दादांनी रिकामी बादली दाराशी ठेवली, पाय धुतले आणि म्हणाले, ‘‘हं, आता चहा टाका.’’